गडव्यावरचं नाव

पंच म्हणून सही करायला मला बोलावलं, तेव्हा मी अंगणात खाटेवर कुरड्या घालत होते. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. आंधळगावपासून जवळच्या एका खेड्यात मी हायस्कूलला मराठी शिकवायचे आणि राहायलाही तिथेच होते. फाटकापाशी पोलीस शिपाई येऊन उभा राहिला.

"मॅडम, तलावावर चलता काय? बाईमाणूस पंच पाहिजे. गाळात हाडं निघाली."

हात धुतले आणि गेले. त्या वर्षी तलाव तळाला गेला होता आणि बऱ्याच दिवसांपासून गाळ काढणं सुरू होतं. जेसीबी थांबलेला होता, रिकामे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळं गाव जमलं होतं. जेसीबीचा ड्रायव्हर दगडावर डोकं धरून बसला होता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, त्यामुळे तो फारच घाबरला होता.

मी वाकून पाहिलं. भीती वाटेल असं समजून गेले होते, पण भीती वाटली नाही. काळ्या चिखलात तपकिरी पडलेली हाडं होती, हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते, आणि पायाच्या बारीक हाडांजवळ चांदीची जोडवी होती. जोडवी काळी पडली होती, पण त्यांच्यावरची नक्षी दिसत होती. जमादार बोलत गेला, रायटर लिहीत गेला. 'अनोळखी स्त्री' असं लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मी सही केली.

पुढे सगळं रीतसर झालं. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला. डॉक्टरांनी हाडं तपासून सांगितलं की बाई तिशीच्या आसपासची असावी, पाण्यात पुष्कळ वर्षं असावी, आणि मारहाणीची खूण कुठे दिसत नाही. पेपरात जाहिरात आली. कोणी आलं नाही. फाईल बंद झाली. पावसाळ्यात तलाव पुन्हा भरला, ढिवरांनी, म्हणजे तलावावरच्या कोळ्यांनी, शिंगाडे लावले, आणि गाव ती गोष्ट विसरलं.

मी विसरले नाही, पण तिच्यासाठी काही केलं असंही नाही. कधी वर्गात हजेरी घेताना तिची आठवण यायची. एवढी नावं मी रोज घेते आणि त्या बाईला एक नाव नाही, असं वाटायचं. मग बेल व्हायची आणि मी पुढच्या तासाला जायचे.

खरी सुरुवात माझ्या निवृत्तीनंतर झाली. माझी शेजारीण प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं, मीही. ती मला मॅडम म्हणते. वीस-पंचवीस वर्षांच्या शेजारात आमचं 'तुम्ही' काही गेलं नाही. सिस्टर उंच, आवाजानं खणखणीत, आणि स्कूटी अशी चालवते की मागे बसणाऱ्यानं देवाचं नाव घ्यावं. एका दुपारी तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली काही साधी माणसं, कोणी गृहिणी, कोणी दुकानदार, घरी बसून बेवारस प्रेतांची ओळख शोधतात, असं त्यात होतं.

"पाहा मॅडम," सिस्टर म्हणाली. "त्या बाया घरी बसून शोधून राहिल्या. आपल्याजवळ तं स्कूटी आहे."

मी हसले. ती हसली नाही.

"तलावातली बाई," ती म्हणाली. "तुमची सही आहे ना तिच्यावर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे नवीन फौजदार बाई आल्या होत्या. वय माझ्या मुलीएवढं, बोलणं मोजकं. त्यांनी आधी आम्हाला चहा पाजला आणि मग विचारलं, "ती तुमची कोण लागते?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

मग त्यांनी जुनी फाईल काढायला सांगितली. त्या काळातल्या हरवलेल्या बायकांच्या नोंदी स्वतः पाहिल्या, शेजारच्या ठाण्यांनाही विचारलं. वय, काळ, जागा, काहीच बसेना. "हिची तक्रारच कोणी केली नसेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारपूस करा, मला हरकत नाही. पण कोणावर आळ घ्यायचा नाही, आणि काही सापडलं तर पहिला फोन मला."

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तलावाच्या चहूबाजूंची गावं आम्ही पालथी घातली. सिस्टरनं या भागातली निम्मी बाळंतपणं केलेली, त्यामुळे कुठेही गेलं तरी पाट मांडला जायचा आणि चहा यायचा. आमचा प्रश्न ठरलेला होता: "तुमच्या गावची कोणी बाई फार वर्षांपूर्वी हरवली होती काय?" आणि उत्तरही ठरलेलं: "नाही व माय, आमच्या गावची कोनी हरवली नाही." तलावाच्या पलीकडच्या काठाला लागून एक लहान गाव आहे. तिथेही हेच उत्तर मिळालं. चौकातली पोरं आम्हाला सीआयडी म्हणायला लागली. सिस्टर स्कूटी थांबवून त्यांना विचारायची, "काहून रे, तुलेच पकडू काय आधी?"

उन्हाळा गेला, धानाचे रोवणे झाले, आणि आमच्या हाती काहीच लागलं नाही. मी कंटाळले होते. खरं सांगायचं तर थोडी शरमही वाटत होती. या वयात आपण कसला पोरखेळ मांडला आहे, असं मनात यायचं. पण सिस्टरपुढे तसं बोलायची सोय नव्हती.

एक दिवस अशीच एक रिकामी फेरी करून परत येत होतो. धान निसवला होता. रस्त्याकडेच्या एका शेतात बाकीच्या बांध्यांपेक्षा, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांपेक्षा, दोन बांध्यांमधला धान चांगला हातभर उंच आणि गर्द हिरवा दिसला. सिस्टरला तहान लागली होती म्हणून आम्ही थांबलो. शेतकरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. त्यानं पाणी दिलं. मी सहज म्हटलं, "ह्या दोन बांध्यांत धान काहून एवढा चांगला?"

"तलावाचा गाळ टाकला होता ना मॅडम," तो म्हणाला. "अजूनही जोर आहे त्याच्यात."

मी सिस्टरकडे पाहिलं. पाण्याचा गिलास तिच्या हातात तसाच राहिला होता.

हाडं सापडायच्या आधी कित्येक दिवस गाळ निघत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर भरून तो शेतांत गेला होता. तलावात त्या बाईजवळ जे काही असेल, त्यातलं थोडंच पंचनाम्यात आलं. बाकीचं तिथे नव्हतंच. ते धानाच्या बांध्यांत गेलं होतं.

"आपण माणसायले विचारत होतो," सिस्टर म्हणाली. "शेतायले विचारलंच नाही."

त्यानंतर प्रश्न बदलला. गाळ कोणी कोणी नेला, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्यांनी नेला त्यांच्या घरी जाऊन आम्ही विचारायचो, "गाळ पांगवताना काही सापडलं होतं काय?" उत्तरं मजेशीर मिळाली. एकाला बैलाची घंटा सापडली होती, एकाला रबरी बूट, एकाला लोखंडी साखळी. एकानं तर आम्हाला देवाची मूर्ती म्हणून एक दगड दाखवला. सिस्टरनं त्याला मनोभावे हात जोडले आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "पाटा होता तो, वाटायचा."

आणि मग ती म्हातारी भेटली. गावाच्या टोकाला तिचं घर. नवरा नाही, मुलगा-सून शेती करतात, आणि ती ओसरीत बसून चिंचा फोडत होती. आमचा प्रश्न ऐकल्याबरोबर तिचा हात थांबला.

"काही नाही सापडलं," ती म्हणाली.

सिस्टर तिच्याजवळ जमिनीवरच बसली. "काकू, सापडलं असलं तं सांगा. कोणी काही म्हणत नाही तुम्हाले."

"म्या चोरी नाही केली व बाई."

"चोरी कायची? गाळातलं होतं."

म्हातारी थोडा वेळ चिंचोके निवडत राहिली. मग उठली, आत गेली आणि एक पितळी गडवा घेऊन आली. जुन्या घडणीचा, जाड काठाचा. एका बाजूला पोचा पडला होता, पण चिंचेनं घासून घासून नव्यासारखा लख्ख केला होता. "पहिल्या पान्यानंतर बांधीत दिसला," ती म्हणाली. "गाळानं पुरा भरला होता. मले वाटलं, कोना बाईच्या हातून तलावात पडला असन. मी रोज ह्याच्यानंच तुळशीले पानी घालतो. वापरला नाही बाई, देवालेच ठेवला."

मी गडवा हातात घेतला आणि उजेडात फिरवला. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं होती. भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या भेटीवर टाकून देतात तशी. घासून घासून काही ठिपके पुसट झाले होते. मी बोटानं चाचपून वाचलं. 'बहिणीस भावाकडून भेट.' त्याखाली भावाचं नाव. मग बहिणीचं. आणि शेवटी: कोंढा.

ती नावं मी इथे लिहीत नाही. त्या घरच्यांनी लिहा म्हटलं असतं तरी लिहिली नसती. पण त्या ओसरीत मी ती मोठ्यानं वाचली. आधी भावाचं, मग तिचं. इतकी वर्षं जिला आम्ही 'तलावातली बाई' म्हणत होतो तिला मी पहिल्यांदा नावानं हाक मारली. सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. म्हातारीला काही कळलं नव्हतं, पण आम्हाला पाहून तिनं गडव्याला हात जोडले.

मी फौजदार बाईंना फोन लावला. त्या आल्या, रीतसर गडवा ताब्यात घेतला, म्हातारीचा जबाब घेतला. तिची भीती जावी म्हणून जाताना तिच्या पाया पडल्या. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा गडवा त्याच बाईचा असेल असं नाही. त्यामुळे हाडांचं बोलू नका. पण कोंढ्याला आधी तुम्ही जा. वर्दीत मी गेले तर घर गप्प होईल."

पवनी तालुक्यातलं कोंढा आमच्यापासून चांगलंच लांब. आम्ही एसटीनं भंडाऱ्याला गेलो, तिथून पवनीची गाडी धरली, आणि अड्याळ मागे टाकून पुढे कोंढ्याच्या थांब्यावर उतरलो. पानठेल्यावर भावाचं नाव सांगितलं तर पानवाल्यानं लगेच घर दाखवलं. भाऊ आता सत्तरीच्या पुढचा झाला होता. अंगणात बसून सुंब वळत होता. "बसा," म्हणाला. आम्ही बसलो. मी गडव्याचा फोटो उघडून मोबाईल त्याच्या हातात दिला.

त्यानं मोबाईल लांब धरला, मग जवळ आणला.

"हा मी देल्ला होता," शेवटी तो म्हणाला. "तिच्या लग्नात. भंडाऱ्याहून आनला होता." मग माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "पान्यातून निघाला ना?"

फौजदार बाईंनी बजावलं होतं. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच होकाराची मान हलवली. मी म्हटलं, "तलावाच्या गाळातून."

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "मायी बहीण पोरीले तापात टाकून जानार नाही. मी तवाच म्हटलं होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. बहीण आमच्याच तलावाच्या पलीकडच्या त्या लहान गावात दिली होती. तीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात निरोप आला की ती पळून गेली. त्याच दिवसांत गावात आलेला एक ट्रकवालाही निघून गेला होता, तर लोकांनी दोघांची नावं जोडली. हा धावत गेला. सासरच्यांनी दारातच सांगितलं की तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. तक्रार कोणी केली नाही. सासरच्यांनी अब्रूपायी केली नाही आणि यानं शरमेपायी. सहा-सात वर्षांची भाची तापानं फणफणलेली होती. तिला खांद्यावर टाकून तो घेऊन आला आणि स्वतःच्या लेकरांत वाढवली.

मला तेव्हा कळलं की आमचं कुठे चुकत होतं. त्या गावात आम्ही विचारलं होतं, हरवलेली बाई कोण? त्यांच्या हिशेबी ती हरवलेली नव्हतीच. ती पळून गेलेली होती. त्यांनी आम्हाला खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

एवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. ड्रायव्हरच्या सीटवरून एक बाई उतरली. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, हातांना चिखल. भाऊ म्हणाला, "ही पाहा. तिची पोरगी."

ती कोंढ्यातच दिलेली होती, स्वतःची आणि मामाची शेती मिळून पाहत होती. मामानं तिला मोबाईल दाखवला आणि दोन वाक्यांत सांगितलं. ती खाली बसली नाही, रडली नाही. मला विचारलं, "कुठं सापडला म्हनता?"

मी सांगितलं.

"आई दूध आनाले गेली होती," ती म्हणाली. "घरची गाय आटली होती. मले म्हनाली, पलीकडच्या गावून दूध घेऊन येतो, डोळे मिटून पडून राय. गडवा घेऊन गेली पारीवरून. मी सगळ्यायले सांगत होती. कोनी आयकलंच नाही. लहान पोरगी, तापात बरळते म्हने." तिनं मामाकडे पाहिलं. "मग मलेच वाटाले लागलं, का मी बरळली असन."

पलीकडचं गाव म्हणजे आमचं गाव. ती वाट मला माहीत होती. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की पारीवरची माती लोण्यासारखी होते. आजही त्या दिवसांत तिथून कोणी जात नाही.

पुढचं काम फौजदार बाईंनी हाती घेतलं. हाडांचं मामा-भाचीला त्यांनीच कोंढ्याला जाऊन सांगितलं. मुलीच्या रक्ताचा नमुना घ्यायचा आणि हाडांशी ताडून पाहायचा. पण त्यासाठी हाडं हवी होती. इतक्या वर्षांत ठाण्याची इमारत बदलली होती, सामान इकडचं तिकडे गेलं होतं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो आणि फौजदार बाई बाह्या वर सारून मुद्देमालाच्या खोलीत शिरल्या. जप्तीच्या सायकली, दारूचे कॅन, कुलरचे सांगाडे एकेक करत बाहेर येत होते. सिस्टर नवस पुटपुटत राहिली. कोणत्या देवाला ते मला आजतागायत सांगितलं नाही. शेवटी आतून आवाज आला, "सापडली!" त्या बाहेर आल्या तेव्हा केसांना जाळी लागली होती आणि हातात लाखेची मोहर असलेली पेटी होती. चिठ्ठीवरचं पंच म्हणून माझं नाव अजून वाचता येत होतं.

नमुने नागपूरला गेले. मग वाट पाहणं आलं. धान कापला, चुरला, विकला. मुलगी दर आठवड्याला मला फोन करायची. 'काही कळलं काय?' असं तिनं कधी विचारलं नाही. धानाचं सांगायची, मामाच्या गुडघ्याचं सांगायची आणि ठेवून द्यायची.

निकाल आला तेव्हा मी आणि सिस्टर मोहाडीच्या बाजारात होतो. फोन वाजला. फौजदार बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "मॅडम, जुळलं. तिचीच आई आहे."

मी बटाट्याच्या पोत्यावर बसले. बटाटेवाला ओरडला, "ओ बाई, माल आहे तो!" सिस्टरनं फोन माझ्या हातून घेतला, ऐकला, आणि भर बाजारात दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या कोंबड्या फडफडल्या. मग तिनं त्या बटाटेवाल्याला मिठी मारली. त्यानं काही विचारलं नाही. माझ्या पोटात आनंद मावेना. मी शाळेत कित्येक मुलं पास होताना पाहिली, स्वतःच्या मुलीचं लग्न पाहिलं, पण तसा आनंद मला कधी झाला नव्हता. एका बाईवरचा खोटा डाग आम्ही धुऊन काढला होता. आम्ही म्हणजे दोन निवृत्त बायांनी.

मुलीला मी स्वतः फोन केला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी सांगितलं. ट्रॅक्टर बंद झाला. आणि मग ती रडली. लहान पोर रडतं तसं, मोकळं. रडणं थांबल्यावर म्हणाली, "मॅडम, म्हंजे मी बरळली नव्हती."

"नाही बाळा," मी म्हटलं. "तू खरं बोलत होतीस."

हाडं ताब्यात मिळाल्यावर तिनं एकच अट घातली. आईला कोंढ्याला न्यायचं नाही. सासरच्या गावातूनच न्यायचं, मधल्या रस्त्यानं आणि भर दिवसा. मामा कचरला. "कायले भांडण उकरतं?" तो म्हणाला. ती म्हणाली, "भांडण नाही मामा. ती त्या गावून चोरून गेली म्हनतात ना? तं सगळ्यायनं पाहावं, कशी जाते."

आमच्या गावाकडून निघालो. तिरडीवर हाडं, त्यावर नवीन हिरवं लुगडं. पुढचा खांदा मुलीचा, दुसरा मामाचा, मागे सिस्टर आणि मी. बायांनी खांदा द्यायचा नसतो असं कोणीतरी पुटपुटलं, पण सिस्टरनं वळून पाहिल्यावर गप्प झालं. पुढे कोंढ्याचं भजनी मंडळ, मागे आमच्या गावातली माणसं. गडवावाली म्हातारीही मुलाच्या आधारानं चालत होती. फौजदार बाई साध्या साडीत आल्या होत्या. पारीवरून आम्ही निघालो. तीस वर्षांपूर्वी जी बाई या वाटेनं घरी पोचली नाही, ती आज पोचत होती.

त्या गावात शिरलो तेव्हा दारं उघडी होती आणि माणसं उंबऱ्यांवर उभी होती. बातमी आधीच पोचली होती. तिच्या सासरच्या घरासमोर आलो. नवरा कधीचाच वारला होता. त्याचा धाकटा भाऊ, मुलीचा काका, घरातून बाहेर आला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. भजन थांबलं. माझ्या शेजारी सिस्टरनं दंड ताठ केलेला मला जाणवला.

काकानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिरडीपुढे वाकला. मग म्हणाला, "वहिनीले मी खांदा देऊ काय?"

मुलगी त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिनं खांदा बदलला नाही.

"द्या," ती म्हणाली. "पन आधी बोला. मोठ्यानं. सगळ्यायसमोर बोला, मायी आई पळाली नव्हती."

काका बोलला. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. त्यानं खाकरून पुन्हा म्हटलं, "मायी वहिनी पळाली नव्हती. पोरीसाठी दूध आनाले गेली होती." आणि मग तोंड वळवून, सगळ्या दारांकडे पाहून, तिसऱ्यांदा. शेवटच्या वेळी त्याचा आवाज गावाच्या टोकापर्यंत गेला असेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान खाली नव्हती. मला वाटतं, ते वाक्य त्यालाही तीस वर्षं बोलायचं होतं. मुलीनं मामाला बाजूला केलं आणि त्या जागी त्याला घेतलं.

अग्नी मुलीनंच दिला.

दुपारी त्याच घरी जेवण झालं. काकाच्या बायकोनं पंगत मांडली होती. जेवणं आटोपली तरी कोणी उठेना. एक म्हातारी सरकत सरकत मुलीजवळ आली. तिनं मुलीची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"हसली का तिच्यावानीच दिसन," ती म्हणाली. "रोवन्यात तिच्याबरोबर कोनाचे हात चालत नव्हते. पऱ्ह्याची, रोपायची जुडी हातात आली का सरळ रेघच. आमी मांगं राहावं अन् तिनं पुढून गानं म्हनावं."

"गानं कुठी? वरडत होती ती," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"विळीवर बोट कापलं होतं तिचं, मायाच घरी. तरी भाजी चिरून देल्ली."

"मले पोहायले तिनं शिकवलं..." एक बाई बोलून गेली आणि एकदम थांबली. मुलगी तिच्याकडे वळली.

"तिले पोहता येत होतं?"

"मस्त पोहत होती," ती बाई हळू म्हणाली. "त्या दिवसाचं पानीच वेगळं होतं, पोरी. लय मोठं आलं होतं."

मुलीनं मान हलवली. मग ती त्या बाईजवळ सरकून बसली. तिच्या आईबद्दल तीस वर्षं तिच्यापाशी एकच वाक्य होतं, आणि ते खोटं होतं. त्या दुपारी अंगणात बायांना थांबवणं कोणालाच शक्य नव्हतं. एक सांगायची, दुसरी मधेच तोडायची, तिसरी म्हणायची, नाही व, ते असं नव्हतंच. आईनं एकदा बैलाला नाव ठेवलं होतं सासऱ्याचं. आईला कारल्याची भाजी आवडायची नाही. लग्नात आई रडली नव्हती, भाऊच रडला होता. मामा खाटेवरून म्हणाला, "खोटं आहे ते," आणि सगळं अंगण पुन्हा हसलं.

ऊन कलायला आलं तेव्हा सिस्टरनं मला खुणावलं. आम्ही मुलीचा निरोप घ्यायला गेलो. तिनं माझा हात धरला, पण डोळे त्या बायांकडेच होते.

"बसा ना मॅडम थोडं," ती म्हणाली. "आता ही आजी आईच्या लग्नाचं सांगून राहिली."

आम्ही बसलो.